शाळेचा कचरा कुठं जातो ते विचारा

पर्यावरण दिन ५ जूनला असतो हे आम्हाला तोंडपाठ होतं. पण ५ जूनला शाळेला सुट्टी. म्हणून आमच्या शाळेत पर्यावरण जुलैत यायचं, वनमहोत्सवाच्या आठवड्यात. सकाळी सातला आम्हाला ओळीत उभं करायचे, हातात पुठ्ठ्याचे फलक द्यायचे आणि 'झाडे लावा, झाडे जगवा' ओरडत वस्तीतून फिरवायचे. त्या वस्तीत झाड लावायला वीतभर जागा नव्हती. आमचा उंबरा संपला की गटार, गटार संपलं की समोरच्याचा उंबरा. लोक दाताला मशेरी लावत आमच्याकडे बघायचे आणि हसायचे. मग मैदानाच्या कोपऱ्यात नगरसेवकाच्या हस्ते रोप, फोटो, टाळ्या. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप. पाचवी ते दहावी मी त्या शाळेत काढली. सहा रोपं बघितली, खड्डा एकच.

शाळेच्या अहवालात याला 'विद्यार्थ्यांचा सहभाग' म्हणतात.

मी गोदीत पोती वाहणारा माणूस. मॅट्रिकच्या पुढं गेलो नाही. वरून कविता लिहितो. यानं पर्यावरणावर कशाला बोलावं, असं कुणी विचारील. त्याला माझं सांगणं एवढंच की या शहराचा कचरा, धूर आणि घाण पाणी ज्यांच्या दारात येऊन पडतं त्यांच्यात मी वाढलो. ज्यानं धूर गिळला त्यानं धुरावर बोलायचं नाही, तर मग कुणी बोलायचं? एसीत बसलेल्यांनी?

कागदावर सगळं झकास आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं पर्यावरण राखणं हे राज्याचं काम ठरवलं आणि नागरिकाचं मूलभूत कर्तव्यही ठरवलं. १९९१ साली वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शाळा-कॉलेजात पर्यावरण हा विषय सक्तीचा करा. बारा वर्षं कुणी फारसं हललं नाही. २००३ साली न्यायालयाला पुन्हा दम द्यावा लागला आणि अभ्यासक्रम बनवायला एनसीईआरटीला सांगावं लागलं. २००१-०२ पासून देशभर शाळाशाळांतून राष्ट्रीय हरित सेना आली. म्हणजे कायदा आहे, पुस्तक आहे, सेनासुद्धा आहे. आणि तरी मी शपथेवर सांगतो, माझ्या शाळेनं मला माझ्या पर्यावरणाबद्दल एक अक्षर शिकवलं नाही. शिकवलं ते दुसरंच.

काय शिकवलं ते सांगतो.

२०१४ साल. मी नववीत. २ ऑक्टोबरला स्वच्छ भारत सुरू झालं. शाळेत चित्रांची स्पर्धा लागली. मी गांधींचा चष्मा काढला, खाली झाडू काढला, रंग चांगले भरले. दुसरा नंबर आला. बक्षीस म्हणून प्लॅस्टिकची पाण्याची बाटली मिळाली, आणि चित्रात मी लिहिलं होतं 'प्लॅस्टिक टाळा'. असो. त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीचे फॉर्म आले. अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्यांच्या मुलांना मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती, ही केंद्र सरकारची योजना १९७७-७८ पासूनची. माझा बाप कंत्राटावर कचऱ्याच्या गाडीवर होता. वर्गशिक्षकांनी भर वर्गात विचारलं, "सफाईवाल्यांची पोरं कोण कोण? उभे राहा." पाच जण उभे राहिलो. साठ पोरांनी मान वळवून बघितलं. ज्याच्याबरोबर मी डबा खायचो त्यानंही बघितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत श्रमदान होतं. पाहुण्यांनी मैदानात नवे कोरे झाडू धरले आणि स्वच्छच असलेली फरशी झाडली. बाकीच्या पोरांना कागद वेचायला लावलं. आम्हा पाच जणांना सरांनी बाजूला घेतलं आणि मुताऱ्या दाखवल्या. म्हणाले, "तुम्हाला येतं ना रे!"

शिवी नाही, छडी नाही. अगदी मायेनं म्हणाले. त्या 'तुम्हाला येतं'मध्ये दोन हजार वर्षं बसलेली होती.

घरी आईला सांगितलं. आई भांडी घासत होती, ती थांबली. म्हणाली, "झाडू हातात येऊ नये म्हणून तुला शाळंत घातला, आन् शाळंनंच दिला व्हय?" दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. शिपायानं तिला फाटकातच अडवली.

म्हणून मी म्हणतो, पर्यावरण शिक्षणात सगळ्या पोरांना एकच झाडू द्या म्हणणं ही बदमाशी आहे. सवर्णाच्या पोराच्या हातात झाडू दिला की त्याला श्रमाची किंमत कळते, पेपरात फोटो येतो. आमच्या पोराच्या हातात दिला की गावकीचं काम पुढं चालू राहतं. झाडू तोच, पण हात बघून त्याचा अर्थ बदलतो. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला आपल्या माणसांना मेलेली ढोरं ओढू नका, घाणीची कामं टाका म्हणून सांगितलं. ते सांगणं शंभरीला आलं आणि शाळा आमच्या पोरांना मुताऱ्या दाखवते. हे फक्त माझ्या शाळेचं दुखणं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या एका सरकारी निवासी शाळेत दलित पोरांना मैल्याच्या टाकीत उतरवून ती साफ करून घेतली. बभ्रा झाला तेव्हा मुख्याध्यापकांना अटक झाली. मैला हातानं उचलायला लावणं १९९३ च्या कायद्यानं गुन्हा, २०१३ च्या कायद्यानं पुन्हा गुन्हा. गटारात मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना १० लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. म्हणजे मरणं थांबलेलं नाही हे न्यायालयालाही माहीत. पुस्तकात प्रदूषणाचे प्रकार दिलेले असतात: हवेचं, पाण्याचं, आवाजाचं. गटारात गुदमरून मेलेला माणूस त्यातल्या कुठल्या प्रकारात बसतो, मास्तर? तो किती मार्कांना?

आता धुराचं सांगतो.

२०१६ चा जानेवारी संपत आला होता. आमचं मॅट्रिकचं वर्ष. देवनारचं डंपिंग पेटलं. आम्ही गोवंडीला राहायचो, डंपिंग पाठीमागंच. पहिल्या रात्री वाटलं नेहमीचं आहे, विझेल. विझलं नाही. दिवसेंदिवस धूर. चुलतीचं तान्हं पोर रात्रभर खोकायचं. आम्ही ओल्या फडक्यानं दाराच्या फटी बुजवल्या, पण पत्र्याच्या घराला फटीच फटी. तो धूर अमेरिकेतल्या नासाच्या उपग्रहाला वरून दिसला, त्याचे फोटो छापून आले. आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवल्या. मार्चमध्ये ऐन परीक्षेच्या दिवसांत पुन्हा पेटलं. डोळे चोळत पेपर लिहिले.

मधल्या काळात शाळा उघडली तेव्हा मला वाटलं, आता तरी सर बोलतील. धूर कशाचा, त्यात काय जळतं, तो छातीत गेला तर काय करायचं, तक्रार कुठं करायची. एवढा मोठा पर्यावरणाचा धडा खिडकीतून आत येत होता. सरांनी खिडकी लावून घेतली आणि फळ्यावर लिहिलं, 'झाडाचे मनोगत'. निबंध महत्त्वाचा आहे म्हणाले.

उपग्रहाला दिसला तो धूर आमच्या शाळेला दिसला नाही.

देवनारचं डंपिंग १९२७ पासूनचं. हे मला शाळा सुटल्यावर कळलं आणि डोकं सुन्न झालं. १९२७! त्याच वर्षी २० मार्चला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तिकडं आपली माणसं पाण्यावरचा हक्क मिळवत होती आणि इकडं मुंबईनं आपला कचरा टाकायला शहराची शेवटची कड धरली होती. पुढं त्याच कडेला शहरातनं उठवलेली माणसं आणून टाकली. आधी कचरा, मग माणसं, एकाच जागी. हा काय योगायोग आहे? गावात महारवाडा-मांगवाडा कुठल्या दिशेला असतो ते आठवा. वारा आणि पाणी जिकडं गावाची घाण नेईल तिकडं. मुंबईनं गावाचाच नकाशा मोठा करून काढला.

आणि पुस्तक काय म्हणतं? 'आपण प्रदूषण करतो. आपण पृथ्वी वाचवली पाहिजे.' हा 'आपण' कोण? वीस मजल्यांवर चार गाड्या ठेवणारा आणि त्याचा कचरा निवडून पोट भरणारी माझी मावशी, दोघं एकाच 'आपण'मध्ये? मावशी डंपिंगवर वेचायला जायची. बाटली, पत्रा, पुठ्ठा, तार वेगळं करायची. या शहरात ओला-सुका वेगळा करायचा नियम २०१६ साली नव्यानं आला. मावशीनं आयुष्यभर तेच केलं. तिला कुणी हरित सेनेत घेतलं नाही. तिला चोर म्हणून हाकलायचे. शाळेत एक दिवस मावशीला खुर्चीवर बसवून पोरांपुढं बोलू दिलं असतं, तर प्लॅस्टिकचे प्रकार तिनं नुसते हातानं चाचपून शिकवले असते.

गोदीत लागलो तेव्हा मला शाळेची खरी किंमत कळली. एकदा माल आला. पोत्यांवर कवटीचं चित्र आणि खाली इंग्रजीत बारीक अक्षरं. एक पोतं फुटलं होतं. मुकादम म्हणाला, उचला. मी म्हटलं, यात काय आहे? म्हणाला, पोतं आहे. रात्री हाताला फोड आले. दहावी पास माणूस, पाण्याचं सूत्र पाठ, ओझोनचा थर पाठ. आणि स्वतःच्या खांद्यावरच्या पोत्यात काय आहे ते वाचता येत नाही. माझ्या मते पर्यावरण शिक्षण तिथनं सुरू होतं. भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री कारखान्यातनं वायू सुटला तेव्हा भिंतीलगतच्या जयप्रकाशनगरातली माणसं ऊर फुटेस्तोवर पळाली. आत काय भरलंय, सुटलं तर तोंडावर ओलं फडकं धरायचं, हे त्या वस्तीला आधी कुणी शिकवलं नव्हतं. कुठल्या शाळेत होता हा धडा? आज तरी कुठल्या शाळेत आहे?

आता 'सहभागा'चं. पोरांनी सहभागी व्हायचं, पण कुठपर्यंत? आरे बघा. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती लागल्या. दोन हजारांवर झाडं आडवी झाली. ज्यांना शाळेत वर्षानुवर्षं 'झाडे जगवा' ओरडायला लावलं तीच पोरं झाडं जगवायला गेली, तर पोलिसांनी धरली. २९ जणांना अटक, त्यात विद्यार्थी. शेवटी कायदा शिकणाऱ्या पोरांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं तोडणी थांबवली. तोवर जायची ती झाडं गेली होती. पुढं कारशेडही झाली. म्हणजे नियम असा: रोप लावाल तर प्रमाणपत्र, झाड राखाल तर कोठडी. चित्र काढा, प्रश्न काढू नका.

इथं मला आपल्याच माणसांशी भांडायचं आहे. चळवळीतली आपली पोरं पर्यावरण म्हटलं की हसतात. 'ते भरल्या पोटाचं लचांड आहे. वाघ वाचवणाऱ्यांना माणूस दिसत नाही. आधी नोकऱ्या, आधी अत्याचार, मग झाडं.' मीही असाच हसायचो. पण दोस्तांनो, २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाणी आधी कुणाच्या घरात शिरलं? मे महिन्यात पत्र्याखाली कोण भाजतं? टीबीच्या रांगेत कोण उभं असतं? हा पण अत्याचारच आहे. यात एफआयआर होत नाही एवढाच फरक. आपण हा विषय सोडून दिला म्हणून तो बागवाल्यांच्या आणि योगवाल्यांच्या हातात गेला, आणि त्यांनी त्यातनं जात उचलून बाहेर टाकली.

मुळात हा विषय आपलाच आहे. जोतिबांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्यात ताली-बंधारे घालून पावसाचं पाणी मुरवा, माती वाहू देऊ नका, असं जोतिबांनी सांगितलं. जंगल खात्यानं डोंगर आणि गायरानं गिळली, गरिबाच्या शेळीला पाला उरला नाही, असा जाबही विचारला. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत होते तेव्हा शिपाई असेल तरच पाणी मिळायचं, शिपाई नसला की तहान. तेच बाबासाहेब १९४२ ते ४६ मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेच्या पाठीशी उभे राहिले. ज्याला शाळेत घोटभर पाणी दिलं नाही त्यानं देशाच्या नद्यांचा विचार केला. पर्यावरणाचा याहून मोठा धडा कुठला? तो पुस्तकात का नाही? बालभारतीनं 'जलसुरक्षा' नावाचं पुस्तक काढलं. पाणी जिरवा, पाणी अडवा, पाणी मोजा, सगळं शिकवा, चांगलंच आहे. पण या देशात पाण्याचा पहिला प्रश्न ते किती आहे हा नव्हता, त्याला कोण शिवू शकतो हा होता. आणि तो संपलेला नाही. २०२२ साली राजस्थानात जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांचं दलित पोर मास्तराच्या मारानं गेलं. माठाला हात लावला म्हणून मारलं, असं घरचे सांगतात. महाडशिवाय जलसुरक्षा शिकवणं म्हणजे पाण्यातनं माणूस गाळून घेणं.

मग करायचं काय? नुसत्या शिव्या देऊन मी थांबणार नाही.

एक. आठवी-नववीच्या पोरांनी वर्षातनं एकदा शाळेच्या कचऱ्यामागं चालत जावं. टोपलीतनं घंटागाडीत, घंटागाडीतनं पुढं, थेट डंपिंगपर्यंत. वाटेत जो जो हात लावतो त्याला विचारावं: दादा, ताई, पगार किती, कायम की कंत्राटी, हातमोजे मिळतात का? या मुंबईत झोपडपट्टीत झाडू मारणाऱ्याला कामगार म्हणायचं टाळून 'स्वयंसेवक' म्हटलं गेलं. २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा, हा निकाल मिळवायला युनियनला २०१७ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात झगडावं लागलं. हे पोरांनी त्या माणसांच्या तोंडून ऐकावं.

दोन. शाळेचा हिशेब पोरांनी ठेवावा. नळाला पाणी किती दिवस आलं, टाकी कधी धुतली, मुलींच्या संडासाला कडी आहे का. दर महिन्याला फळ्यावर लिहावं, एक प्रत वॉर्ड ऑफिसला धाडावी आणि मुख्याध्यापकांनी लेखी उत्तर द्यावं. पिण्याचं पाणी आणि मुलामुलींचे वेगळे संडास हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे, मेहेरबानी नव्हे.

तीन. झाडू हजेरीपटाच्या क्रमानं. पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत, कुणाचा बाप कोण ते न बघता. आणि वर्ग झाडण्यापुरताच. संडास-मुताऱ्यांसाठी पगारी माणूस, साधनांसकट. कुठल्याही पोराला तिथं उतरवलं तर गुन्हा दाखल.

चार. आपल्या आयांनी शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन बसावं. तीन चतुर्थांश जागा आईबापांच्या आहेत, निम्म्या बायांच्या आहेत, कायद्यानं. माझी आई फाटकात अडवली गेली, कारण हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आठवीपर्यंतचे वर्ग असलेल्या अनुदानित आणि सरकारी शाळेत ही समिती असायलाच पाहिजे. तिथनं सुरू करू, पुढं हायस्कूलला धडक मारू.

सरकार हे करील याची वाट बघणाऱ्यातला मी नाही. आमच्या वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालते. पाळी नसली की मी तिथं बसतो. तिथल्या पोरांना शंभर पानी वह्या दिल्या आणि सांगितलं, रोज एक ओळ लिहा. आज नाकाला काय लागलं, नळाला काय आलं, दारात काय पडलं. निबंध नको, मनोगत नको.

आठवीतल्या एका पोरीची वही माझ्यासमोर आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

'सोमवार. रात्री जळक्या प्लॅस्टिकचा वास. आजीला दम.
मंगळवार. घंटागाडी आली नाही.
बुधवार. शाळेत पाणी नव्हते. आम्ही मुली घरी आलो.
गुरुवार. मॅडमना विचारले, शाळेचा कचरा कुठे जातो. मॅडम म्हणाल्या, अभ्यासाचे विचार.'

मॅडम, अभ्यासाचंच विचारलंय तिनं. शुक्रवारी ती पुन्हा विचारणार आहे. या वेळी सोबत अजून दहा जणी असतील, आणि फाटकाबाहेर त्यांच्या आया.

जय भीम.